निळ्या दिव्याखालचा दोरा

मामा म्हणतो, लायनर हातात आला की आधी नाकाला लाव, डोळ्यांना नंतर. खऱ्या जुन्या लायनरला बंद कपाटाचा वास येतो, घामाचा येतो, नशीब वाईट असेल तर उंदराच्या मुताचा येतो. कोणी मुद्दाम चहाच्या पाण्यात बुडवून जुना केला असेल तर चहाचा येतो. हे सांगताना तो स्वतः लायनर नाकाशी धरून डोळे मिटतो आणि हल्ली ते उघडायला त्याला बराच वेळ लागतो. तेवढ्यात तो एक डुलकी काढून घेतो असा माझा संशय आहे. विचारलं तर म्हणतो, विचार करत होतो.

लायनर म्हणजे सैनिकाच्या लोखंडी टोपाच्या आतली टोपी. नुसतं लोखंड डोक्यावर ठेवलं तर ते डोकं सोलून काढेल, म्हणून आत ही दुसरी, हलकी. कापडाचे थर रसायनात भिजवून साच्यात दाबलेले, वाळले की करवंटीसारखे कडक. आतून पट्ट्यांचं जाळं वायसर घालून रिव्हेटने ठोकलेलं, कपाळाशी चामड्याची पट्टी. युद्ध संपलं, टोप मोडीत गेले, काही लोकांच्या माळ्यावर राहिले, आणि आता ते शोधून विकणारे दलाल आहेत आणि जमवणारे लोक आहेत. दातांचे डॉक्टर, वकील, एक तर गिरणीचा मालक. त्यांना एकच गोष्ट हवी असते, हा युद्धातला की नंतरचा? युद्धातला असेल तर काचेच्या कपाटात, नंतरचा असेल तर पोरांना खेळायला.

ते मामा सांगतो. सांगतो म्हणजे पुठ्ठ्याची बारकी चिठ्ठी सुती दोऱ्याने लायनरच्या पट्टीला बांधतो. चिठ्ठीवर साल, खाली त्याची वाकडी सही. युद्धातला नसेल तर नुसतं 'नंतरचा'. एकदा बांधली की बांधली. मामाने स्वतःची चिठ्ठी कधी सोडलेली कोणी पाहिली नव्हती. लोक त्या चिठ्ठीवर डोळे मिटून विश्वास ठेवतात, आणि मामाचेही डोळे आता मिटल्यातच जमा आहेत.

मोतीबिंदू. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, फार काही उजळलं नाही. दुसऱ्याचं तो पुढे ढकलतोय. मी शाळा सोडली ती नेमकी त्याच सुमाराला. गणिताच्या बाईंशी माझं वाजलं, मग मुख्याध्यापकांशी वाजलं, मग कोणाशी वाजायचं बाकीच राहिलं नाही. आई म्हणाली, घरात बसून माझं डोकं खाण्यापेक्षा माझ्या भावाचे डोळे हो. म्हणून मी रोज मामाच्या मागच्या खोलीत बसते. मामी मधेमधे डोकावते आणि आम्ही दोघं भांडत नाही ना बघून जाते. मामा मला ठिणगी म्हणतो. लाडाने नाही, वैतागून.

काम असं चालतं. लायनर माझ्या मांडीवर. मामा खुर्चीत, मान मागे टाकून.

"पट्ट्या?"

"मळक्या हिरव्या. खाकी नाहीत."

"वीण?"

"माशाच्या काट्यासारखी."

"वायसर?"

"काळे. एकाचा रंग उडालाय, खाली पितळ दिसतं."

मग तो अंगठ्याने रिव्हेटची डोकी चाचपतो, आणि साल सांगतो. मी वैतागते कारण मला अजून पुष्कळ बघायचं असतं आणि त्याचं झालेलं असतं. शितावरून भाताची परीक्षा, तो म्हणतो. सगळं पातेलं चिवडायची गरज नाही.

अगदीच अडलं तर निळा दिवा. कोपऱ्यात काळा पडदा लावलाय, त्याच्या आत जायचं, दिवा लावायचा, लायनर खाली धरायचा. जुना सुती दोरा त्या उजेडात मेल्यासारखा पडून राहतो. नंतरच्या काळातला, कारखान्यातला नकली दोरा मात्र निळापांढरा पेटतो. पेटला की नंतरचा, संपलं. पडद्याआड जायच्या आधी मामा दर वेळी एकच वाक्य बोलतो. "बाह्या वर कर." कारण कपडेही त्या दिव्याखाली पेटतात आणि डोळे दिपतात, मग दोरा नीट दिसत नाही. मी बाह्या कोपरापर्यंत गुंडाळते, आत जाते, बघून सांगते. रोज तेच. इतक्यांदा केलंय की कपडे का पेटतात हा प्रश्न मला पडलाच नाही. मामालाही पडला नव्हता, आणि त्याने तर हे सगळं केस काळे असल्यापासून केलंय.

ती बाई आली तेव्हा मामा डुलकीत होता, म्हणजे विचार करत होता. शाळेची बस चालवणारी बाई. तिने सांगायच्या आधीच मला कळलं की ती काहीतरी मोठं चालवते, कारण तिच्या तळव्यांना स्टिअरिंगचे घट्टे होते आणि ती खुर्चीत बसली तरी उजवा पाय तिरका पुढे. पन्नाशीची असेल. चेहरा असा की दिवसभर पोरांचा कलकलाट ऐकून आता कोणीही काहीही बोललं तरी चालेल. तिने प्लास्टिकच्या पिशवीतून लायनर काढला. पट्टीला मामाची चिठ्ठी होती, कडा पिवळ्या पडलेल्या. 'नंतरचा'. खाली वाकडी सही, तेव्हाची जरा कमी वाकडी.

मामा म्हणाला, चिठ्ठी माझीच आहे, मग परत काय बघायचं?

ती घाईत नव्हती. तिने सगळं सपाट आवाजात सांगितलं, बसच्या थांब्यांची नावं सांगावीत तसं. टोपी तिच्या वडिलांची. ते युद्धावरून आले तेव्हा घेऊन आले, स्वयंपाकघराच्या दाराआड खुंटीला लटकायची. लहानपणी रोज तीच गोष्ट, पहाटेच्या अंधारात नदी ओलांडली, टोपी पुढे सरकून डोळ्यांवर यायची, पुढच्या माणसाची पाठ तेवढी दिसायची. मग तिच्या भावाच्या डोक्यात आलं की वडिलांच्या वाढदिवसाला टोपीचं साल काढून आणू, चौकट करून भिंतीवर लावू. त्याने ती गुपचूप मामाकडे पाठवली. परत आली ती ह्या चिठ्ठीसकट. युद्धानंतर बनलेली टोपी माणूस युद्धावरून कशी आणेल? भाऊ हसला आणि विसरून गेला. ती हसली नाही. जेवणाच्या टेबलावर, नातवंडांसमोर, तिने वडिलांना विचारलं, बाबा, ही कुठल्या जुन्या बाजारातून घेतलीत? त्यांनी चमचा खाली ठेवला. त्या दिवसापासून नदी बंद. ती त्यांची औषधं आणते, त्यांना दवाखान्यात नेते, आणि औषधांचंच बोलते.

आता त्यांची नव्वदी उलटलीय. डोकं जागेवर नसतं. तिला कधी तिच्या नावाने हाक मारतात, कधी तिच्या आईच्या. आई जाऊन किती काळ झाला. आणि नदी परत सुरू झालीय. तीच, शब्दाला शब्द.

"माणूस सगळं विसरतो आणि खोटं तेवढं लक्षात ठेवतो, असं होतं का हो?" तिने मामाला विचारलं.

मामा म्हणाला, लायनर काय आहे ते मी सांगतो. माणूस खरं बोलतो का ते माझं काम नाही.

"मग टोपीचंच परत सांगा. खरी निघाली तर मला त्यांची माफी मागायची आहे. ते मला ओळखतायत तोवर. खोटी निघाली तर निदान एकदाचं डोक्यातून जाईल."

मामाने मान हलवली, ठेवून जा म्हणाला. ती गेल्यावर म्हणाला, उगाच हात दाखवून अवलक्षण. एकदा बघितलेलं परत बघायचं म्हणजे भाकड म्हैस परत दोहायची. मला राग आला. मला राग यायला फार लागत नाही, पण ह्या वेळी जरा जास्तच आला. मी म्हटलं, बघायला डोळे माझे जाणार आहेत, तुझं काय जातंय? तो म्हणाला, बघ मग. आणि मान मागे टाकली.

बघितलं. पट्ट्या मळक्या हिरव्या. वायसर काळे. समोर बिल्ल्याचं भोक. आत कारखान्याच्या साच्याचा ठसा. मामाने अंगठा फिरवला आणि म्हणाला, हाच तर त्रास आहे. हा कारखाना युद्धाच्या शेवटच्या वर्षी सुरू झाला आणि युद्ध संपल्यावरही त्याच साच्यातून, त्याच पट्ट्या लावून काढत राहिला. बाहेरून फरक नाही. फरक फक्त शिवणीच्या दोऱ्यात. तेव्हा दोऱ्यावरूनच ठरवलं होतं. जा, दिवा लाव. बाह्या वर कर.

त्या दिवशी माझ्या अंगात जो शर्ट होता तो धुऊन धुऊन आटलेला, बाही मनगटाला चिकटून बसलेली. गुंडाळायला गेले तर पहिल्याच घडीला अडकली. मी तशीच आत गेले. दिवा लावला आणि माझा हात कोपरापर्यंत पेटला. त्याच्या शेजारी लायनरचा दोरा. तोही पेटलेला. मामा बाहेरून म्हणाला, पेटतोय ना? मी म्हटलं, हो. तो म्हणाला, झालं तर. तीच चिठ्ठी राहू दे.

मी बाहेर यायला हवं होतं. पण पडद्याआड एकटीला बरं वाटतं, कोणी काही सांगत नाही. मी तिथेच बघत उभी राहिले. दोऱ्याचा निळा आणि माझ्या बाहीचा निळा एकच होता. थोडा इकडेतिकडे नाही, एकच. आणि मग दिसलं की नुसता दोरा नाही, पट्टीसुद्धा उजळली होती. मी नंतरचे लायनर किती बघितलेत. त्यांत फक्त शिवण पेटते, ठिपक्याठिपक्यांची रेघ, पट्टी मेलेलीच असते. इथे पट्टीभर फिकट डाग होते, कडेला दाट, मधे विरळ, सांडलेलं पाणी वाळल्यावर राहतात तसे. मी वायसरखाली नख घातलं आणि पट्टी जराशी वर उचलली. जिथे ती रिव्हेटखाली दाबून बसली होती तिथे ती काळीकुट्ट होती. दोरासुद्धा. बाहेर पेटलेला दोरा आत शिरला की विझत होता.

"मामा, माझी बाही का पेटते?"

"कपडे पेटतातच."

"का पण?"

"पेटतात म्हणजे पेटतात. म्हणून तर वर करायला सांगतो. दर वेळी सांगतो. ऐकलं नाहीस ना?"

ह्यावर त्याच्याशी भांडण्यात अर्थ नव्हता. मामाने आयुष्यात स्वतःचा एक रुमाल धुतलेला नाही. मी उठून मामीकडे गेले. ती मोरीत बसून मामाच्या बनियनी खळबळत होती, केस सुटून तोंडावर आलेले. मी विचारलं, मामी, पावडरीत काय असतं?

"मला काय ठाऊक? कपडे पांढरे होतील असं काहीतरी असतं. का, धुणार आहेस की काय? सूर्य कुठे उगवला आज?"

मी विचारलं, सैनिकाची टोपी असली, आत पट्ट्या वगैरे, तर तू धुशील का?

मामीने हातातली बनियन थांबवली आणि माझ्याकडे असं बघितलं की ह्या पोरीला शाळेत निदान एवढं तरी शिकवायला हवं होतं. "घामाची टोपी घरात आली तर कोण बाई तशीच खुंटीला लावेल?"

मी चिठ्ठ्या बांधायचा दोरा आणला, कोरा, रिळावरचा. अर्धा तिला दिला. तिने काही न विचारता बनियनींसोबत बादलीत बुडवला आणि दोरीवर चिमट्यात लावला. वाळेपर्यंत मी अंगणात येरझाऱ्या घालत होते. मामी म्हणाली, बस की जरा, तू फिरलीस म्हणून तो लवकर वाळणार आहे का. मी बसले नाही. मामा आत होता. त्याने हाक मारली नाही आणि मीही गेले नाही.

वाळल्यावर मी मामाला दंडाला धरून पडद्याआड नेलं. तो कुरकुरला, मला काय दिसणार आहे. मी म्हटलं, हे दिसेल. दोन्ही दोरे शेजारी धरले. एक मेलेला, एक पेटलेला. एकाच रिळाचे. त्याच्या अंधूक डोळ्यालाही ते दिसलं, कारण तो वाकला, आणखी वाकला, नाक दिव्याला लागेल इतका.

"हा कुठला?" त्याने विचारलं.

"तुझाच. अर्धा मामीने धुतला."

तो सरळ व्हायला फार वेळ लागला. मग मी त्याचा अंगठा लायनरच्या पट्टीवर ठेवला आणि काय काय दिसतंय ते सांगितलं, डाग, कडा, वायसरखालचा अंधार. त्याने मधे एकही प्रश्न विचारला नाही. मामाचा एक नियम आहे, परक्याच्या वस्तूला इजा करायची नाही, दोऱ्याचं टोकसुद्धा तोडायचं नाही. कोणी म्हटलं जाळून बघा की, सूत असेल तर राख होईल, नकली असेल तर वितळून गोळी होईल, तर तो त्या माणसाला बाहेर काढायचा. आता तोच म्हणाला, "कात्री घे. सैल टोक बघून काप."

मी कापलं. चिमट्यात धरून काडी लावली. बारकी ज्योत, जळक्या कागदाचा वास, आणि संपलं. राख त्याच्या तळव्यावर ठेवली. त्याने ती चुरली, परत चुरली, गोळी लागते का बघत. लागली नाही.

"सूत," तो म्हणाला.

मला वाटलं आता मी जिंकले. मी तोंड सोडलं. म्हटलं, तुझ्या एका चिठ्ठीपायी तो म्हातारा स्वतःच्या घरात खोटारडा ठरला, तुला एवढं साधं सुचलं नाही, एवढी वर्षं बाह्या वर कर बाह्या वर कर. मामी दारात येऊन उभी राहिली. मामाने मला अडवलं नाही. मी थकून थांबले तेव्हा त्याने हळूच विचारलं, "दलाल कधी काही धुतो का गं?"

मला आधी कळलं नाही.

"नाही धूत," तोच म्हणाला. "त्याला मळ हवा असतो. घरचे लोक धुतात. आई धुते, बायको धुते. जे जे घरून आले, त्यांचेच पेटले असणार. दलालांना मी सालं दिली आणि घरच्यांना 'नंतरचा'." त्याने तळव्यावरची राख झटकली. "एक माळी आला होता, भावाची घेऊन. एक बाई नवऱ्याची. त्या बाईने चिठ्ठी बघितली आणि मला धन्यवाद म्हणाली." मग त्याने पाणी मागितलं.

माझा राग असा आहे की समोरच्याने मान खाली घातली की तो बाहेर कुठे जावं ते न कळून माझ्याच पोटात येऊन बसतो. मी पाणी आणलं. मामीने ते माझ्या हातातून घेऊन त्याला दिलं आणि म्हणाली, त्या बाईला तरी सांगा आधी. बाकीचं मग बघू.

बसवाली पोरांना घरोघर सोडून आली आणि आम्हाला रिकाम्या बसमधून घेऊन गेली. मामाला लहान पोरांच्या बाकावर बसावं लागलं, गुडघे छातीशी, मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला दिवा. खिडकीच्या काचेवर कोणीतरी बोटाने शेपटीवाला उंट काढला होता. मी तिला फोनवर एवढंच सांगितलं होतं की मामाला तुमच्या वडिलांशी बोलायचंय. तिने काय ते ओळखलं असावं, कारण गाडी चालवताना ती सारखी गिअर बदलत होती, गरज नसताना. उतरण्याआधी मामा तिला म्हणाला, टोपी युद्धातलीच आहे. माझं चुकलं. तिने हँडब्रेक ओढला आणि तो धरूनच बसली.

म्हातारे खाटेवर उशांना टेकून बसले होते. अंगात पांढरी बनियन, हात कागदासारखे. खोलीत औषधांचा आणि धुतलेल्या चादरींचा वास. बसवाली दारातच थांबली. घरात येताना ती पुढे होती, आता मागे. म्हणून मामाच पुढे झाला, चाचपत खुर्चीत बसला आणि लायनर त्यांच्या हातात दिला.

"ह्याच्यावरची चिठ्ठी माझी आहे," मामा म्हणाला. "ती चुकीची आहे. मला दिव्याने फसवलं. ही धुतलेली होती, ते मला कळलं नाही."

म्हाताऱ्यांनी लायनर उलटा करून आत बघितलं. "धुतलेलीच की. घर झाडायला काढलं की हीपण बादलीत. दर वर्षी. मी ओरडायचो."

"मला कोणी सांगितलं नाही."

"तुम्ही विचारलंत कुठे?"

 मामाने हात पुढे केला, चिठ्ठीची गाठ चाचपली आणि सोडायला लागला. त्याच्या गाठी घट्ट असतात. मला सहन होईना, मी नखाने सोडवायला पुढे झाले तर त्याने माझा हात बाजूला केला. सुटली शेवटी. चिठ्ठी त्याने खिशात टाकली. नवी काढली नाही.

"मला दाखवा," बसवाली दारातून म्हणाली. "काय दिसतं ते."

मी पडदे ओढले आणि दिवा लावला. त्या खोलीत तर सगळंच पेटलं. चादर, उशा, म्हाताऱ्यांची बनियन, बसवालीची कॉलर, मामाचा शर्ट. आम्ही सगळे निळे. आणि म्हाताऱ्यांच्या मांडीवर टोपीच्या पट्ट्या, डागाडागांच्या. मी बोटाने दाखवलं, इथे पाणी पोचलं, इथे नाही. इथे ब्रशने घासलेलं दिसतं. म्हातारे माझ्या बोटामागे बघत होते. मग त्यांनी मान वर केली आणि खाटेशी आलेल्या मुलीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"कशाला धुतलीस पण," ते म्हणाले.

ते कोणाला म्हणाले ते मला सांगता येणार नाही. बसवालीलाही सांगता आलं नसतं. तिने ओठ दाबले, खाली बसली, त्यांचा हात धरला.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

"असू दे. वाळली ना."

मी दिवा विझवला. पडदे उघडायचं कोणाला सुचलं नाही, सगळे तसेच अंधुक उजेडात बसून राहिलो. मला निघायचं होतं. मला कुठेही फार वेळ बसवत नाही. पण तेवढ्यात म्हाताऱ्यांनी सुरू केलं, पहाटेच्या अंधारात, पुढे एकाची पाठ, मागे कोण ते ठाऊक नाही. हळूहळू, अडखळत. बसवालीचे ओठ मधेमधे हलत होते, पुढचा शब्द तिला आधीच येत होता, तरी ती तो सांगत नव्हती. मामाने मान मागे टाकून डोळे मिटले होते. मला वाटलं, झोपला हा, आता घोरणार, आणि मी त्याला चिमटा काढायला हात पुढे केला.

"पाणी कुठपर्यंत होतं?" त्याने डोळे न उघडता विचारलं.

म्हातारे थांबले. हा प्रश्न त्यांच्या गोष्टीत नव्हता. त्यांनी हात उचलला, गळ्याशी नेला, तिथून थोडा वर, जिथे हनुवटीखाली टोपीचा पट्टा बसतो तिथे टेकवला.

"इथवर," ते म्हणाले, आणि पुढे सांगायला लागले.